रोझारिओची काळी पेटी

अंधेरी (पूर्व),
रविवार, ता. ९ डिसेंबर १९५६

प्रिय मित्र श्यामसुंदर यास,

ज्युलियसचा सप्रेम नमस्कार. कुंदावहिनींना नमस्कार, नीलाला आशीर्वाद. तुझ्या आईंनाही नमस्कार लिहावा म्हणून टाक दौतीत बुडवला आणि मग आठवलं की त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. (शाई वाया गेली नाही, पुढच्या ओळीला वापरली.) नागपूरची थंडी तुला सोसते का? गुडघा कसा आहे? वहिनींना तिथलं पाणी मानवलं का? माझी प्रकृती बरी आहे. वजन थोडं कमी झालं आहे, पण ते कुठे गेलं याची चौकशी करणारं घरात कुणी नसल्यामुळे मीही केलेली नाही.

तू गेल्यापासून आमच्या ओट्यावर देशाच्या अर्थकारणाची चर्चा बंद पडली आहे. आपली विमा कंपनी सरकारने ताब्यात घेतली, तुला नागपूरला धाडलं, मला पेन्शनीत काढलं, आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतल्या चुका दाखवणारं इथे कुणी उरलं नाही. त्या चुका आता तशाच राहणार. तू बोलायचास तेव्हा मी मान डोलवायचो, म्हणून तुला वाटायचं की मी ऐकतो. खरं सांगायचं तर मी ऐकत नसे. पण तू तुटीच्या अंदाजपत्रकावर तापलास की आत स्वयंपाकघरात एमिलियाला हसू यायचं, ते ऐकत असे.

तिला जाऊन फेब्रुवारीत वर्ष होईल. आमच्या ख्रिस्ती रीतीने वर्षभर काळा कोट आणि काळा टाय घालतात, तो मी घालतो. गावठाणातले लोक फार चांगले आहेत. इतके चांगले की माझ्यासमोर तिचं नाव काढत नाहीत. 'ती बिचारी' म्हणतात, 'तुमच्या घरातली' म्हणतात, नाहीतर नुसता उसासा टाकून हवेकडे बघतात. तू निघालास तेव्हापासून नोव्हेंबर उजाडेपर्यंत तर तिचं नाव मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं, मतदारयादीतून ते कमी करायला गेलो होतो तिथल्या कारकुनाच्या. तेही त्याने 'अमेलिया' असं वाचलं. मी त्याच्याकडून ते दुरुस्त करून घेतलं, आणि मग त्याने ते खोडलं.

आता मूळ हकिकत. साकीनाक्याचा रोझारिओ तुला आठवत असेल. पत्र्याच्या ट्रंका आणि पेट्या बनवतो तो. तुझ्या नागपूरच्या सामानातल्या ज्या ट्रंकेची कडी प्रवासात निखळली, ती त्याचीच. या रोझारिओला गेलं वर्षभर पत्रा मिळत नाही. कोटा कमी झाला, परवाना अडकला, परकीय चलन संपलं, आणि यंत्राचा एक भाग विलायतेहून यायचा तो समुद्रात कुठेतरी आहे. माणसाला पत्रा मिळाला नाही तर तो दुसरा धंदा बघतो. रोझारिओने विधानसभेला अपक्ष म्हणून उभं राहायचं ठरवलं. देशाची आर्थिक नीती चुकली आहे असं तुझंही मत होतं, पण तुला निदान त्यासाठी पत्रा लागत नव्हता.

निवडणूक म्हटली की आधी वर्गणी. रोझारिओची आई आणि तो स्वतः असे दोघे ऑक्टोबरच्या शेवटी माझ्याकडे आले आणि वर्गणी जमवायचं काम मी करावं म्हणाले. कारणं दोन दिली. मी विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं लोकांकडून हप्ते घेतले, तेव्हा माझी सवय गेली नसेल, हे एक. आणि गावठाणात माझं कुणाशी भांडण नाही, हे दुसरं. (भांडायला बोलावं लागतं.) जाताना म्हातारी मागे वळून म्हणाली की एवढ्या निमित्ताने घराबाहेर पडशील. हे तिसरं कारण, आणि मला वाटतं ते पहिलं होतं.

पेटी रोझारिओने स्वतः बनवली. वीतभर लांब, वर पैसे टाकायला फट, बाजूला कुलूप. पेटीला हिरवा रंग द्यायचा त्याचा बेत होता, पण हिरवा मिळेना. कारखान्यात काळा तेवढा शिल्लक होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'रोझारिओला विजयी करा' असं लिहायचं होतं, पण रंगारी वर्सोव्याला होड्यांवर नावं घालायला गेला होता आणि कोळ्यांनी त्याला चार दिवस मासळी खाऊ घालून तिथेच ठेवून घेतलं. तेव्हा अक्षरं मागाहून टाकू, तू सुरुवात कर, असं म्हणून पेटी तशीच कोरी माझ्या हातात आली. पावतीपुस्तकही कोरं होतं, कारण छापायचे पैसे वर्गणीतून यायचे होते. मी नोव्हेंबरच्या पाच तारखेला बाहेर पडलो.

श्याम, आमच्या बऱ्याच चालीरीती तुला ठाऊक आहेत, पण ही कदाचित नसेल. नोव्हेंबर हा आमच्यात मेलेल्यांचा महिना. प्रत्येक घरातून आपापल्या मयतांची नावं आणि त्याबरोबर यथाशक्ती काही नाणी देवळात जातात. महिनाभर फादर ती नावं वेदीवर वाचून त्यांच्या आत्म्यांसाठी मिस्सा करतात. देवळाच्या दाराशी त्यासाठी एक पेटी असते. काळी. आणि ज्यांना देवळापर्यंत चालवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे देवळाचा एक माणूस घरोघर जातो, काळा कोट घालून, आणि या कामाला शोभेल असा काही न बोलता दारात उभा राहतो. आमच्या देवळाचा जो जायचा त्याने यंदा पावसाळ्यात पाय मोडून घेतला आणि तो खाटेवर आहे.

आता तूच सांग. नोव्हेंबर महिना, काळा कोट, काळी पेटी, आणि दारात मी.

पहिलं घर ज्युलियाचं. ही आमच्या गावठाणातली सर्वांत म्हातारी बाई, तिखट म्हणून प्रसिद्ध. मी निवडणुकीबद्दल एक वाक्य पाठ करून गेलो होतो, पण ते घशातून वर येईपर्यंत तिने पेटीकडे पाहिलं, माझ्या कोटाकडे पाहिलं, आत गेली आणि आठ आणे आणून फटीत टाकले.

"पास्कोलचं नाव लिही," ती म्हणाली. "आणि नीट लिही. गेल्या साली फादरांनी त्याचं नाव गाळलं, तर महिनाभर तो माझ्या स्वप्नात येऊन तोंड फुगवून बसला होता."

पास्कोल तिचा नवरा, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मला वाटलं, काही बायका वर्गणी नवऱ्याच्या नावाने देतात, तशी ही देते. मी पावती लिहिली. तिने बसायला लावलं, चहा केला, आणि पास्कोलला पोहता येत नव्हतं तरी तो मढला जायच्या होडीत उभा राहून कसा गायचा ते सांगितलं. दुसऱ्या घरी तीन नावं निघाली. तिसऱ्या घरी पाच, त्यांतली दोन एकाच वेळच्या प्लेगची. प्रत्येक नावाला गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीला चहा. मला कशाचाच उलगडा झाला नाही, असं समजून तू पुढे वाच.

मग काय झालं, लोक आपल्या मेलेल्यांबद्दल बोलू लागले की ओघात माझ्याही माणसाबद्दल बोलू लागले. इतके दिवस त्यांना कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं एवढंच. चौथ्या घरची विमला (हिचं लग्न आमच्या देवळात लागलं, बाप्तिस्मा घेऊनही तिने माहेरचं नाव सोडलं नाही) म्हणाली की एमिलियाने माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री दीडशे माणसांचं सुक्कं एकटीने परतलं आणि वर मलाच म्हणाली, रडू नकोस, कांद्याचं काम मी केलंय. असं म्हणाली. एमिलियाने, असं सरळ नाव घेऊन. माझ्या कपातला चहा थोडा बशीत सांडला. विमलाला वाटलं गरम आहे, तिने फुंकर घालून दिली.

दोन संध्याकाळींचं काम मला अकरा संध्याकाळी पुरलं. एका घरात दोन-दोन तास जात. रोझारिओ रोज सकाळी पेटी उघडून बघायचा आणि आनंदाने लाल व्हायचा. त्याचं म्हणणं असं पडलं की जनता आर्थिक धोरणाला इतकी विटली आहे की आता थांबणार नाही. जी माणसं लग्नाला चार आणे आहेर करतात ती त्याला आठ-आठ आणे देत होती. त्याने अर्थमंत्र्यांना उद्देशून भाषण लिहायला घेतलं. अर्थमंत्री सभेला येणार नव्हते, पण तेवढ्याने तो खचला नाही.

सभा पंचवीस नोव्हेंबरला, रविवारची मिस्सा सुटल्यावर, गावठाणातल्या क्रुसासमोरच्या चौकात झाली. सगळं गाव होतं. फादरही सावलीला खुर्ची टाकून बसले होते. रोझारिओ बोलायला उभा राहिला. देशाने पोटाला चिमटा काढून पोलादाचे कारखाने उभारायचे आणि साकीनाक्याला एक पत्रा मिळू नये, हा कुठला न्याय, असं त्याने विचारलं. मग म्हणाला की एप्रिलपासून सरकार नवे पैसे आणणार, म्हणजे आण्याचे सव्वासहा नवे पैसे. त्यावर ज्युलियाने बसल्या जागेवरून विचारलं की मग आण्याची मेणबत्ती घेतली तर तो पाव पैसा कुणाचा, तिचा की दुकानदाराचा. रोझारिओ म्हणाला, याचा विचार व्हायला पाहिजे. मग तिने बाटल्यांचं विचारलं.

हे तुला समजावून सांगायला हवं, कारण तुझ्या कुठल्याही लेखात हे आलेलं नाही. आमच्या बायका उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटतात, तो बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात. म्हणूनच त्याला बाटलीचा मसाला म्हणतात. बाटली तपकिरीच लागते, नाहीतर उजेडाने रंग उडतो. आता दारूबंदी झाल्याला सहा-सात वर्षं झाली. बिअर नाही म्हणजे बाटली नाही. जुन्या एकेक करून फुटत चालल्या आहेत. आरेच्या दुधाच्या बाटल्या आहेत, पण त्या पांढऱ्या, आणि शिवाय परत द्याव्या लागतात. ज्युलियाचा प्रश्न असा होता की तुमच्या योजनेत धरणं आहेत, पोलाद आहे, तपकिरी बाटली आहे का. बायकांकडून टाळ्या पडल्या. दिवसभरातल्या या पहिल्या टाळ्या. रोझारिओने तिथल्या तिथे तपकिरी बाटलीचं आश्वासन दिलं. (एमिलिया असती तर तिने ते त्याच्याकडून लिहून घेतलं असतं.)

आणि मग, लोक खूश झालेत असं बघून, त्याने मी पावत्यांवरून करून दिलेली देणगीदारांची यादी काढली. नावं मोठ्याने वाचायची, म्हणजे ज्यांनी दिलं त्यांचा मान होतो आणि ज्यांनी नाही दिलं ते शरमतात, ही युक्ती त्याने कुठल्याशा मोठ्या पक्षाच्या सभेत पाहिली होती. बोर्डिंगात वाढलेला माणूस, गावठाणातल्या मयतांची त्याला फारशी माहिती नाही. त्याने घसा साफ केला आणि वाचलं, "पास्कोल."

ज्युलियाने डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "देवा, त्याला सार्वकालिक शांती दे."

रोझारिओला वाटलं ही टाळीचीच काही जुनी पद्धत असेल. त्याने दुसरं नाव वाचलं. आता दहा-बारा बायकांनी शांती मागितली. पाचव्या नावाला पुरुषांनी टोप्या काढल्या. दहाव्या नावाला पुढच्या रांगा गुडघ्यांवर आल्या, आणि फादरही, पहिल्यांदा जरा गोंधळून, खुर्चीतून उठून उभे राहिले. रोझारिओचा आवाज चढत चालला; आयुष्यात इतका पाठिंबा त्याला मिळाला नव्हता. विसाव्या नावाशी तो थांबला. तिथे लिहिलं होतं, 'आंतोन, साकीनाका', आणि आंतोन हा त्याचा बाप. त्याच्या आईने मला एक रुपया दिला होता.

त्याने कागदाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पेटीकडे पाहत होतो. म्हातारी बसल्या जागेवरून हळू आवाजात म्हणाली, "वाच ना रे. बापाचं नाव आहे."

त्याने वाचलं. चौकाने शांती मागितली. मग तो खाली उतरेल असं मला वाटलं, पण तो उतरला नाही. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि उरलेली सगळी नावं एकेक करून, नीट, मध्ये थांबत वाचली. भाषणाची शेवटची चार पानं, ज्यांत अर्थमंत्र्यांचा राजीनामा मागितला होता, ती तशीच राहिली.

पुढचं थोडक्यात सांगतो. फादर म्हणाले, पैसे आत्म्यांचे आहेत. रोझारिओ म्हणाला, पेटी माझी आहे. शेवटी पैसे देवळात गेले आणि रिकामी पेटी कारखान्यात, आणि मला परत घरोघर धाडलं गेलं, झाली चूक सांगून खरी वर्गणी आणायला. या वेळी पेटीवर अक्षरं होती, आणि मी पाठ केलेलं वाक्य म्हणत होतो. ज्युलियाला म्हटलं की मागच्या वेळी चूक झाली. ती म्हणाली, चूक झाली असेल तर तुझी, मी पास्कोललाच दिले होते. मग तिने रोझारिओसाठी एक आणा टाकला. सगळीकडे हाच दर निघाला: मेलेल्याला आठ आणे, उमेदवाराला एक. श्याम, तू योजनेसाठी पैसा कुठून उभा राहणार यावर इतकी वर्षं डोकं शिणवतोस. राष्ट्रीय बचतीची सर्टिफिकिटं मेलेल्यांच्या नावे काढली तर पोलादाचा कारखाना अंधेरीच उभा करून देईल. सरकारला हे अर्धं कळलं आहे. मेलेल्या माणसाच्या मिळकतीवर ते कर घेतंच, पण नाव विचारत नाही आणि चहालाही थांबत नाही.

रोझारिओ निवडून येईल की नाही ते सांगता येत नाही. मतं मात्र त्याची वाढली आहेत. आमच्या मेलेल्यांसाठी टोपी काढणारा हा पहिलाच पुढारी, असं बायका म्हणतात. परवा दुसऱ्या एका पक्षाचा माणूस माझ्याकडे येऊन ती यादी मागून गेला. मी दिली नाही.

लिहिण्यासारखं एवढंच. तुझा सल्ला हवा होता तो असा की, रोझारिओला पत्र्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा आहे, तो कुणाला करावा? सवडीने कळव. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
ज्युलियस

ता. क. वर मी लिहिलं आहे की मला उलगडा झाला नाही. तसं नाही. पास्कोलची पावती फाडतानाच मला शंका आली होती, आणि तिसऱ्या घरी, प्लेगची नावं निघाली तेव्हा, खात्री झाली. तिथेच सांगायला हवं होतं. पण पुढचं घर विमलाचं होतं, आणि विमलाच्या घरून निघाल्यावर मला ते सांगावंसं वाटेना. गप्प राहण्याबद्दल मला कुणी दोष देत नाही, कारण मी नेहमीच गप्प असतो. या सवयीचा एवढा फायदा मी आयुष्यात पहिल्यांदाच घेतला.

आणखी एक. यादीतलं शेवटून दुसरं नाव जानकीबाईंचं होतं, म्हणजे तुझ्या आईंचं. ते मी तुला न विचारता घातलं. रोझारिओने वाचलं आणि सगळ्या चौकाने त्यांच्यासाठी शांती मागितली. ही बाई कुठल्या देवळातली, असं कुणी विचारलं नाही. तुझी हरकत असेल तर कळव, पण आता मागून झालेली आहे, परत करता येईल असं वाटत नाही. शेवटचं नाव माझ्या घरचं. ते रोझारिओने अगदी बरोबर उच्चारलं. तीन-चारशे माणसं एकदम ते नाव ऐकून बोलली, श्याम. मी तिच्या नावाने पाच रुपये टाकले होते. ती म्हणाली असती, दोन पुरे होते.

शेवटचं, म्हणजे ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. परवान्याचा अर्ज कुणाला करायचा ते रोझारिओला माहीत आहे. तुमचं सामान बांधत होतो तेव्हा कुंदावहिनींच्या टोपलीत मी एक तपकिरी बाटली पाहिली, तोंडाला फडकं बांधलेली. ती एमिलियाने त्यांना गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात दिली होती. (वहिनी तो मसाला मटकीच्या उसळीत घालतात हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतः तशी उसळ करून बघितली.) त्यानंतर तिने मसाला केला नाही. माझ्याकडची शेवटची बाटली ऑगस्टात संपली, आणि व्यवस्थितपणाच्या सवयीने मी ती गरम पाणी आणि सोडा घालून स्वच्छ धुऊन ठेवली. तिला आता काचेचा वास येतो. वहिनींना विचार, त्यांच्या बाटलीत काही उरलं असेल तर मला नको, त्यांनी ते वापरावं, उसळीतच वापरावं. बाटली रिकामी झाली की कुणी मुंबईला येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा. फक्त ती धुऊ नका.